आधी ऊब, मग दूध

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पतसंस्थेत कारकून आहेत. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री घरी येतो. एरवी घरात त्या आणि सासूबाई. घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पावसाची झड लागली होती त्या रात्री परसातल्या जळणाच्या खोलीत मांजराची चार पिल्लं सारखी ओरडत होती. सकाळी शेजाऱ्यांनी सांगितलं, त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली गेली. पिल्लांचे डोळे मिटलेले, दोघांच्या पोटाला नाळेचा वाळका तुकडा अजून चिकटलेला. ताईंनी त्यांना खोक्यात घालून घरात आणलं आणि गाईचं दूध कोमट करून बाळाच्या बाटलीने पाजलं. सगळ्यांत लहान पिल्लू गार पडलं होतं, म्हणून त्याला आधी आणि जास्त पाजलं. रात्री ते गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागणार. सासूबाई म्हणतात, निसर्गाच्या मध्ये पडू नये. नवरा म्हणतो, पिशवीत घालून मंडईत ठेवून ये, कोणीतरी नेईल. पिल्लांच्या दुधाची पावडर गावात मिळत नाही, ऑनलाइन मागवली तर सहा दिवस लागतात. उरलेल्या तिघांना पातळ शी होते आहे. ताई विचारतात, "माझ्याकडे यातलं काहीच नाही. तरी प्रयत्न करावा, की मी त्यांचे हाल वाढवते आहे? आणि ते पिल्लू माझ्यामुळे गेलं का?"

ताई,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला चार ओळी पाठवल्या होत्या. एवढ्याशा जिवांना सदराच्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. आता सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या जळणाच्या खोलीत हेच घडलं तर त्यांनाही उपयोग होईल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनातून निघाल्याशिवाय बाकीच्या तिघांकडे तुमचं नीट लक्ष लागणार नाही. तुम्ही लिहिलंय की पिल्लू गार होतं, त्याला मांडीवर बाळासारखं उताणं घेतलं होतं आणि मधेच नाकातून दूध आलं. खरं सांगायचं तर दूध फुप्फुसात गेलं असण्याची शक्यता आहे. शिवाय गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं. पण ते चौघांत सगळ्यांत लहान होतं, रात्रभर पावसाच्या गारठ्यात पडून होतं. तुम्ही सगळं बरोबर केलं असतं तरी ते वाचलंच असतं असं कुणी सांगू शकणार नाही. तुम्ही जे केलंत ते आपल्यापैकी प्रत्येकीने केलं असतं. अशक्त दिसलं की पाजायचं, हेच आपल्याला शिकवलेलं आहे. काशीच्या सोन्याच्या मांजराचं बोलणं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. ती शिक्षा मांजर मारणाऱ्यासाठी सांगितलेली, अर्ध्या रात्री उठून दूध कोमट करणाऱ्या बाईसाठी नव्हे. काकूंचं बोलणं सोडून द्या.

आता उरलेल्या तिघांचं. तुमच्या पत्रात दुधाबद्दल दीड पान आहे आणि उबेबद्दल एक ओळ. हे उलट हवं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगातली ऊब त्याला स्वतःला तयार करता येत नाही, ती आईच्या पोटाची असते. त्यामुळे कुठल्याही पाजण्याआधी एकच करायचं. करंगळी धुऊन पिल्लाच्या तोंडात हलकेच घालायची. तोंड आतून गार लागलं तर दूध नाही म्हणजे नाही. पिल्लाला ब्लाउजच्या आत, छातीशी घेऊन बसायचं, वरून शाल. तास-दोन तास लागले तरी हळूहळूच ऊब द्यायची, शेगडीजवळ किंवा हीटरपुढे धरून एकदम नाही. तोंड गरम झालं, पिल्लू वळवळायला आणि तोंडाने शोधायला लागलं की मग दूध.

खोक्यासाठी काही विकत आणायला नको. जाड सुती मोज्यात अर्धा किलो तांदूळ कोरडेच तव्यावर गरम करून भरा, गाठ मारा, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. हाताच्या मनगटाला सोसवेल एवढीच गरम हवी. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरूनही चालतं, फक्त झाकण घट्ट. अर्धं खोकं मोकळं ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात त्यांच्या बाजूची हवा ३० ते ३२ अंश असावी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. पूर्वी खोक्यावर ४० वॉटचा बल्ब टांगायचे. आता घरोघरी एलईडी आहेत आणि एलईडीने ऊब मिळत नाही. दिवा लावलाय म्हणून निर्धास्त राहिलेल्या लोकांची पिल्लं गारठलेली मी पाहिली आहेत. पावसात वीज जाणारच, तेव्हा तांदळाची पोटलीच खरी. खाली जुनं मऊ लुगडं घाला, टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. आणि कपाटातलं लुगडं काढाल तर त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास नाही ना, ते बघा. त्या गोळ्या, फिनेल आणि डेटॉल, तिन्ही मांजरांना विषारी आहेत. खोकं साध्या साबणाने आणि गरम पाण्याने पुसायचं.

"माझ्याकडे काहीच नाही" असं तुम्ही लिहिलंत. जरा हिशेब मांडू. आठवड्याच्या आतलं पिल्लू साधारण १३० ग्रॅमचं असतं, त्यापेक्षा जरा कमीही असेल. दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला २० मिलीच्या आसपास दूध लागतं. म्हणजे एकाला २५-२६ मिली, तिघांना मिळून ७५-८०. चहाचा एक कपसुद्धा भरत नाही. हे दिवसभरात आठ वेळा विभागलं तर एका वेळी एकाच्या वाट्याला तीन-साडेतीन मिली. बाळाच्या बाटलीने ते बेतानं जाणारच नाही, तिचं बूच पिल्लाच्या अख्ख्या तोंडापेक्षा मोठं. मेडिकलमधून सुई नसलेली एक किंवा दोन मिलीची सिरींज आणा, चार-पाच घेऊन ठेवा. जुन्या बायका कापसाची वात दुधात बुडवून चोखायला देतात. ते करू नका, तंतू पोटात जातात आणि दूध मात्र पोटभर जात नाही.

पिल्लू पालथंच ठेवायचं, आईला पिताना असतं तसं. मांडीवर पंचा, त्यावर पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. सिरींज तोंडाच्या कडेने, थेंब थेंब, त्याने ओढलं तरच पुढचा थेंब. दूध मनगटावर टाकून कोमट लागलं पाहिजे. पिल्लू नीट प्यायला लागलं की त्याचे इवलेसे कान प्रत्येक घोटाला मागेपुढे हलतात आणि पुढचे पंजे पंचा मळत राहतात. कान हलत नसतील तर दूध नुसतं तोंडात साठतंय, थांबायचं. पोट गोल झालं की बास, टणक होईपर्यंत नाही. एका वेळेला १०० ग्रॅम वजनाला चार-पाच मिलीच्या वर कधीच जाऊ नका. नाकातून दूध आलंच तर डोकं खाली करून पुसायचं आणि त्या वेळचं पाजणं तिथेच संपवायचं.

आता दूध कोणतं. गाईच्या दुधात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर मांजरीच्या दुधापेक्षा जास्त आणि प्रथिनं निम्म्याहून कमी असतात. पातळ शी होते ती बहुतेक त्यामुळेच. शेळीच्या दुधाचं लोक मोठं कौतुक करतात, पण या बाबतीत ते गाईच्या दुधाच्याच जवळचं आहे. इंटरनेटवरच्या परदेशी कृतींमध्ये आटवलेलं दूध सांगितलेलं असतं. आपल्याकडे त्या जागी लोक डब्यातलं गोड कंडेन्स्ड मिल्क वापरतात, ते अजिबात नको, त्यात साखर भरपूर. म्हणून आजच निव्वळ गाईचं दूध बंद करा. एक-दोन वेळा नुसतं ओआरएसचं कोमट पाणी द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं, आणि दुधाच्याच मापाने. मग पिल्लांच्या दुधाची पावडर.

ती सहा दिवसांनी मिळेल असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुमच्या गावातून रोज सकाळी साताऱ्याला, कराडला किती माणसं जातात? तुमच्याच पतसंस्थेत जा-ये करणारं कुणी असेल, कॉलेजची मुलं असतील. शहरातल्या मोठ्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पावडर मिळते. आधी फोन करून विचारा, पैसे ऑनलाइन द्या, संध्याकाळच्या एसटीने ती घरी येईल. फोन हातात आहेच तर आणखी दोन करा. एक तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. दुसरा, ओळखीत कुणाकडे नुकतीच व्यालेली मांजर आहे का, हे विचारायला. ही वाट आपण विसरतो आणि तीच सगळ्यांत चांगली. दूध देणारी मांजर परकी पिल्लं बऱ्याचदा घेते. तिच्या पिल्लांच्या अंगावर पुसलेला कपडा तुमच्या पिल्लांच्या अंगावरून फिरवायचा, ती बाहेर गेली असताना त्यांना आत सरकवायचं आणि लांब बसून बघायचं. एक-दोन पिल्लं जरी तिने घेतली तरी तुमचं ओझं उतरतं.

मधल्या एका दिवसासाठी काहीतरी लागेलच. डॉक्टर सांगतात ती तात्पुरती सोय अशी: अर्धा कप सायीचं दूध, साधारण १२० मिली, त्यात एका अंड्याचं फक्त पिवळं, फेटून गाळून घ्यायचं. साखर नाही, पांढरं नाही. दिवस, फार तर दोन दिवस. बिनलॅक्टोजचं पाकिटातलं दूध मिळालं तर त्यातच करा. आता तुमच्या घरात अंडं येत नाही. मला बऱ्याच जणी विचारतात, गुपचूप केलं तर? करू नका. एवढ्याशा गोष्टीसाठी सासूबाईंचा विश्वास गमवावा असं हे काम नाही. शेजारी कुणाच्या ओट्यावर करा, सिरींजमध्ये भरून आणा आणि आणताय हे घरात सांगून आणा.

एका गोष्टीचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणून विचारते. पिल्लं शू करतात का? एवढ्या वयात त्यांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. प्रत्येक पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलक्या हाताने पुसत राहायचं, मिनिटभर. शू येतेच, शी दिवसातून एक-दोनदा. हे तीन आठवडे चालतं. शू पाण्यासारखी फिकट असावी, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. शी मोहरीच्या रंगाची, मऊसर असली तर ठीक.

आणि रोज एकाच वेळी वजन. घरात काटा नसेल तर किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, पिल्लाला वाटीत ठेवून. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. एका दिवशी नाही वाढलं तर सावध व्हा, कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यांना पिल्लू चांगलं दिसत असतं आणि काटा आधीच सांगत असतो. पिल्लू लुळं पडलं, सारखं एकसुरी ओरडत राहिलं, तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं तर वाट बघू नका. दवाखान्यात पोचेपर्यंत ऊब, आणि ग्लुकोज पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळायचं, पाजायचं नाही. सध्याची पातळ शीसुद्धा डॉक्टरांना दाखवाच. पिसवा असतील तर बारीक दातांच्या फणीने काढा. गोचीड मारायची पावडर कुत्र्याची असते, ती मांजराला लावली तर मांजर जाऊ शकतं. घरातली पॅरासिटामॉलसुद्धा त्यांना विषच.

नवऱ्याने मंडईचं सुचवलं ते क्रूरपणाने असं मला वाटत नाही. तो पुण्यात बसून तुमची रात्रीची झोप मोजतो आहे. पण डोळे मिटलेलं पिल्लू मंडईत कुणी उचलत नाही, ते काही तासांत गारठून मरतं. उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे. त्याला हे सांगा आणि त्याच्याकडे काम मागा. पावडर शोधायचे फोन तो पुण्याहूनही करू शकतो. आठ आठवड्यांनी पिल्लांना घरं लागतील, ती शोधायला आतापासून सुरुवात करू शकतो. शनिवारची रात्र त्याची. तुम्हाला झेपत नसेल आणि कुणी जाणतं माणूस पिल्लं घ्यायला तयार असेल तर देऊन टाका, त्यात लाज नाही.

बाकी वाचकांसाठी इथे एक गोष्ट मधेच सांगते. तुमच्या पिल्लांना आई नाही हे नक्की, कारण ती गाडीखाली गेली आणि पिल्लं रात्रभर गार, उपाशी होती. पण परसात पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आणि ती खरंच जागा बदलत असते, एकेक करून नेते. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर आई जवळच आहे. भोवती गव्हाच्या पिठाचं पातळ रिंगण घाला, दूर व्हा, दोन-चार तासांनी पिठात पाऊल उमटलंय का बघा. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लं टाकते, हेही खरं नाही.

आता पुढचं, जे माळकरी घरात आजच बोलायला हवं. चौथ्या आठवड्यात दात येऊन पिल्लं चाटून खायला लागतील. तेव्हा दूध-भातावर भागणार नाही. दूध-भातावर जगलेली मांजरं आपण पाहिलेली असतात, पण ती बाहेर उंदीर, पाली, पाखरं खात होती. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते नसेल तर डोळे आणि हृदय जातं. घरात मांस शिजवायला नको, पिल्लांसाठीचे तयार दाणे कोमट पाण्यात भिजवून परसात द्यायचे, एवढं सासूबाईंना चालेल का, ते विचारा. नाही म्हणाल्या तर घरं शोधायची घाई अधिक. दोन-तीन आठवड्यांची झाली की जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची. आणि मादी पिल्लू कुणाला दिलंत तर चार महिन्यांची झाली की तिला दिवस जाऊ शकतात हे सांगूनच द्या, नसबंदीचं कबूल करून घ्या.

रात्रीचं वेळापत्रक: आत्ता तीन तासांनी, डोळे उघडले की चार, तिसऱ्या आठवड्यात रात्री एकदाच उठलं तरी चालेल. म्हणजे खरी कठीण अशी अजून आठ-दहा दिवसांची गोष्ट आहे. कामावर जाताना साडेदहाला पाजा, दुपारच्या सुट्टीत घरी या. मधल्या वेळेत पाजायला कुणी नसलं तरी चार तास निभतात. पण पोटली गार पडून चालत नाही.

आणि म्हणून सासूबाईंबद्दल. "त्यांचा याला विरोध आहे" असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. पण त्याच पत्रात, जाता जाता, एक ओळ आहे: पहाटे उठले तर त्या अंधारात खोक्यापाशी बसल्या होत्या, मला बघून उठून गेल्या. ताई, ज्या बाईला नको असतं ती पहाटे खोक्यापाशी बसत नाही. निसर्गाच्या मध्ये पडू नये, हे त्या कदाचित स्वतःलाच सांगत असतील, कारण चौथं पिल्लू जाताना त्यांनीही पाहिलं आहे. रस्त्यावरची गाडी हा काही निसर्ग नव्हे, असं त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड नाथांनी वाळवंटात तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्यांना अंड्याचं मागू नका, सिरींज हातात देऊ नका. उद्या सकाळी निघताना तव्यावरचे तांदूळ मोज्यात भरा, गाठ मारा आणि एवढंच म्हणा, "आई, साडेअकराला ही गार होईल, परत गरम करायची आहे."